भाड्याची गाडी परत केल्यावर मागाहून येणारे बिल कसे टाळावे

भाड्याने गाडी घेण्याच्या व्यवहारात एकूण किती पैसे द्यायचे याचा शेवटचा हिशेब बहुतेक वेळा ग्राहकाच्या पाठीमागे होतो. किल्ली देऊन तो निघून जातो, गाडी धुण्यासाठी आत नेली जाते, तिथे कोणाला तरी मागच्या दारावर एक चरा दिसतो, आणि कार्डाचा तपशील कंपनीकडे आधीपासून असल्यामुळे त्याची भरपाई काही दिवसांनी परस्पर वळती केली जाते. तो चरा नेमका कोणाच्या हातून पडला हे सिद्ध करण्याची वेळ येईपर्यंत गाडी तिसऱ्याच माणसाच्या ताब्यात गेलेली असते. त्यामुळे अशा वादांचा निकाल नंतरच्या पत्रव्यवहारापेक्षा गाडी ताब्यात घेताना आणि परत देताना काय नोंदवले गेले यावरच बहुतांशी ठरतो.

एक भेद सुरुवातीलाच लक्षात घ्यावा. करारात स्पष्ट लिहिलेले, परंतु ग्राहकाने न वाचलेले शुल्क कितीही जाचक वाटले तरी सही झाल्यावर परत मिळवणे फार अवघड असते, आणि त्याचा बंदोबस्त आरक्षणापूर्वीच करावा लागतो. न केलेल्या नुकसानीची किंवा न वापरलेल्या सेवेची आकारणी मात्र पुराव्याच्या बळावर परतवता येते.

आरक्षण करण्यापूर्वी

दर तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर सर्वांत वर दिसणारा दर पुष्कळदा सर्वांत महाग ठरतो, कारण दिवसाचे भाडे अगदी कमी ठेवून उरलेली वसुली काउंटरवर विकल्या जाणाऱ्या संरक्षणातून आणि इतर आकारांतून करण्याची पद्धत या व्यवसायात रुळलेली आहे. म्हणून केवळ दिवसाचा दर न पाहता करांसह एकूण रक्कम, विमानतळावरून गाडी घेण्याचा अधिभार, अनामत रक्कम, नुकसान झाल्यास स्वतः सोसावयाची कमाल रक्कम, किलोमीटरची मर्यादा आणि इंधनाचा नियम या सर्व गोष्टी एकत्र मांडून तुलना करावी. दुसरा चालक, २५ वर्षांखालील चालक, गाडी दुसऱ्या शहरात सोडणे, देशाची सीमा ओलांडणे आणि लहान मुलाचे आसन यांसाठी बहुतेक ठिकाणी वेगळे शुल्क असते. यांतले जे लागणार आहे ते आरक्षणातच नोंदवावे, कारण काउंटरवर त्याचा दर सहसा वाढलेला असतो.

इंधनाच्या बाबतीत टाकी भरलेली घ्यायची आणि भरून परत करायची, हा नियम ग्राहकाच्या सर्वांत सोयीचा आहे. टाकीभर इंधनाचे पैसे आगाऊ घेऊन गाडी रिकामी परत करण्यास सांगणारी योजना वरवर सोपी वाटते, परंतु उरलेल्या इंधनाचे पैसे त्यात सहसा परत मिळत नाहीत आणि टाकी अगदी तळाला जाईपर्यंत कोणी गाडी चालवत नाही, त्यामुळे ती योजना क्वचितच फायद्याची ठरते.

भाड्याचा दिवस बहुधा गाडी घेतल्या वेळेपासून २४ तासांचा मोजला जातो, याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. सकाळी दहाला घेतलेली गाडी शेवटच्या दिवशी दुपारी एकला परत केली तर काही कंपन्या तासांचे पैसे घेतात आणि काही सरळ पूर्ण दिवसाचे. अर्ध्या तासाची सवलत काही ठिकाणी असते, काही ठिकाणी मुळीच नसते. उशीर होणार असे दिसताच कंपनीला कळवून मुदत वाढवून घ्यावी आणि वाढीव वेळेचा दर लेखी मागावा.

मध्यस्थ संकेतस्थळावरून आरक्षण केले असेल तर आपले करार दोन असतात, एक मध्यस्थाशी आणि दुसरा गाडी देणाऱ्या कंपनीशी. मध्यस्थाकडून घेतलेले पूर्ण संरक्षण बहुतेकदा प्रतिपूर्तीच्या स्वरूपाचे असते, म्हणजे नुकसान झाले तर कंपनी आधी आपल्या कार्डावरून पैसे घेते आणि मग ते आपण मध्यस्थाकडून किंवा त्याच्या विमा कंपनीकडून मागून घ्यायचे असतात. यात फसवणूक काही नाही, पण ही व्यवस्था माहीत नसल्यामुळे पुष्कळ लोक काउंटरवर गोंधळतात आणि तेच संरक्षण दुसऱ्यांदा विकत घेतात. आरक्षण करतानाच्या अटी आणि नियम त्याच दिवशी फाइल स्वरूपात जतन करून ठेवावेत, कारण संकेतस्थळावरचा मजकूर पुढे बदलू शकतो.

पैसे देण्यासाठी मुख्य चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड वापरणे सर्वांत सुरक्षित असते. क्रेडिट कार्डावर अनामत रक्कम केवळ अडवून ठेवली जाते, तर डेबिट कार्डावर खात्यातली प्रत्यक्ष शिल्लक अडकते आणि ती मोकळी होण्यास विलंब लागतो. शिवाय काही कंपन्या डेबिट कार्ड दाखवणाऱ्या ग्राहकाला त्यांचेच महागडे संरक्षण घेण्याची अट घालतात. कार्डाची मर्यादा अनामत रकमेला पुरेल इतकी आहे ना, हेही आधी तपासावे, कारण ती अपुरी असेल तर आरक्षणाचे पैसे भरलेले असूनही गाडी नाकारली जाऊ शकते.

संरक्षणाची विक्री

कोलिजन डॅमेज वेव्हर, म्हणजेच सीडीडब्ल्यू, या नावाने जे दिले जाते त्याला बोलीभाषेत सर्रास विमा म्हटले जात असले तरी तांत्रिकदृष्ट्या ती कंपनीने दिलेली सूट असते. ठरावीक रकमेपेक्षा जास्त नुकसान झाले तर वरची रक्कम मागण्याचा हक्क कंपनी सोडून देते, आणि त्या रकमेपर्यंतचे नुकसान ग्राहकाने सोसायचे असते. या रकमेला एक्सेस म्हणतात. ती शून्यावर आणण्यासाठी काउंटरवर जे जादा संरक्षण विकले जाते, त्याचा रोजचा दर कधी कधी खुद्द गाडीच्या भाड्याइतका भरतो.

या जादा संरक्षणाला दोन पर्याय असतात. स्वतंत्र विमा कंपन्या केवळ एक्सेसची भरपाई करणारी पॉलिसी दिवसावर किंवा वर्षभरासाठी विकतात, आणि ती काउंटरवरच्या दरापेक्षा बरीच स्वस्त पडते. काही क्रेडिट कार्डांबरोबर असे संरक्षण मोफत मिळते, परंतु ते बहुधा पूर्ण भाडे त्याच कार्डाने भरले असेल आणि कंपनीचे वेव्हर नाकारले असेल तरच लागू होते, हे अनेकांना दावा फेटाळला गेल्यावर कळते. कार्डाची अटपत्रिका प्रवासाआधी वाचावी, आणि कोणते देश व कोणत्या प्रकारची वाहने वगळली आहेत तेही पाहावे.

कोणतेही संरक्षण घेतले तरी त्यातून काय वगळले आहे ते अधिक बारकाईने वाचावे. टायर, रिम, काचा, आरसे, छत, गाडीचा तळ, हरवलेली किल्ली आणि चुकीचे भरलेले इंधन या बाबी मूळ वेव्हरमधून पुष्कळदा बाहेर ठेवलेल्या असतात. गमतीचा भाग असा, की भाड्याच्या गाडीला सर्वाधिक दुखापत होते ती नेमकी यांतल्याच जागांना. करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली, मद्यपान करून चालवली किंवा मनाई असलेल्या कच्च्या रस्त्यावर नेली, तर सारे संरक्षण रद्द होते. दुसऱ्या वाहनाच्या किंवा व्यक्तीच्या हानीची जबाबदारी हा वेगळाच विषय आहे. ते संरक्षण भाड्यात धरलेले आहे का आणि त्याची मर्यादा पुरेशी आहे का, याची खात्री केल्याशिवाय ते कधीही नाकारू नये.

काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला जादा विक्रीवर पुष्कळदा कमिशन मिळते, हे मनात ठेवून त्याचे बोलणे ऐकावे. तुमचा विमा इथे चालत नाही, असे तो म्हणाला तर तेच लेखी देण्याची विनंती करावी. बहुधा विषय तिथेच संपतो. मोठी गाडी त्याच दरात देतो, असे सांगितले गेले तर करारावर त्या ओळीपुढे शून्य रक्कम आहे का ते पाहावे आणि मोठ्या गाडीची अनामत रक्कम वेगळी आहे का तेही विचारावे. सही पडद्यावर घेतली जात असेल तर पडदा वर सरकवून आधीच खूण केलेले पर्याय काढून टाकायला लावावेत आणि सही करण्यापूर्वी संपूर्ण करार दाखवण्याचा आग्रह धरावा. मागे रांग आहे म्हणून घाई करू नये. विमानतळावर थकून उतरलेला माणूस वाचण्याच्या मनःस्थितीत नसतो, हे विकणाऱ्याला चांगले ठाऊक असते.

गाडी ताब्यात घेताना

सर्वाधिक वेळ खर्च करण्याजोगी जागा हीच आहे. करारासोबत मिळणाऱ्या तपासणी पत्रकावर गाडीचे रेखाचित्र असते आणि त्यावर आधीचे चरे, पोचे आणि तुटफूट फुल्यांनी दाखवलेली असते. त्या फुल्या प्रत्यक्ष गाडीशी ताडून पाहाव्यात. एखादी फुली संपूर्ण दार व्यापेल इतकी मोघम असेल तर ती ग्राहकाच्या सोयीची वाटते, पण नंतर त्याच दारावरच्या दुसऱ्या चऱ्याबद्दल वाद होऊ शकतो, म्हणून चऱ्याची लांबी आणि जागा शब्दांत लिहून घ्यावी. किती लहान ओरखडा नैसर्गिक झिजेत धरला जातो याचे प्रत्येक कंपनीचे माप वेगळे असते. ते लेखी मिळत असेल तर मागून घ्यावे. एवढ्याशा ओरखड्याची नोंद लागत नाही, असे कर्मचारी म्हणाला तरी ती करून घ्यावी, कारण गाडी परत घेताना तोच कर्मचारी हजर असेल याची खात्री नसते.

नंतर मोबाइलवर न थांबवता एक चित्रफीत घ्यावी. सुरुवात नंबर प्लेटपासून करून गाडीला पूर्ण फेरी मारावी, आणि पार्किंगमधली एखादी पाटी किंवा जागेचा क्रमांक चौकटीत येऊ द्यावा म्हणजे स्थळाबद्दल शंका उरत नाही. मग स्थिर छायाचित्रे काढावीत. प्रत्येक दार, चारही रिम, टायरच्या कडा, दोन्ही आरसे आणि पुढची काच यांचे जवळून एक आणि थोडे मागे सरकून एक अशी दोन छायाचित्रे असावीत, कारण फक्त जवळून काढलेल्या चित्रावरून तो चरा गाडीच्या कोणत्या भागावर आहे हेच कळत नाही. पुढच्या बंपरची खालची कड उभ्याने दिसत नाही, तिच्यासाठी खाली बसावेच लागते. फुटपाथच्या कडेला घासून तिथे पडलेले ओरखडे पत्रकावर फार क्वचित नोंदवलेले असतात. सामान चढवताना डिकीच्या उंबऱ्यावर उठलेल्या रेघा, छत, आसनांवरचे डाग आणि सिगारेटने पडलेली भोके यांचीही चित्रे घ्यावीत. जादा चाक, जॅक आणि सुरक्षा त्रिकोण जागेवर आहेत का ते पाहावे, आणि गाडी विजेवर चालणारी असेल तर चार्जिंगची केबलही तपासावी. शेवटी इंजिन सुरू करून डॅशबोर्डचे छायाचित्र काढावे, ज्यात एकूण किलोमीटर, इंधनाचा काटा आणि पेटलेले इशारे दिसतील.

प्रकाश हा या तपासणीतला छुपा अडथळा आहे. तळघरातल्या मंद दिव्यात किंवा नुकत्याच धुतलेल्या ओल्या पत्र्यावर बारीक चरे दिसतच नाहीत आणि सुकल्यावर उन्हात लख्ख उठून दिसतात. मोबाइलचा टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरला तर पोचा सावलीमुळे लगेच नजरेस येतो. तरीही नीट दिसत नसेल तर गाडी उजेडात नेऊन दाखवण्यास सांगावे, आणि तेही जमत नसेल तर गाडी ओली होती किंवा अंधार होता, असा शेरा पत्रकावर लिहून त्याखाली कर्मचाऱ्याची सही घ्यावी.

कर्मचारी हजरच नसेल, किल्ली नुसती हाती ठेवली असेल, तर पार्किंगमधून बाहेर पडण्यापूर्वी सर्व छायाचित्रे कंपनीच्या ईमेल पत्त्यावर पाठवावीत. मोबाइलमधली तारीख बदलता येते असा आक्षेप घेतला जाऊ शकतो, पण कंपनीच्या स्वतःच्या पेटीत पोहोचलेल्या ईमेलच्या वेळेवर आक्षेप घेणे कठीण असते. मूळ फाइली जपून ठेवाव्यात, कारण मेसेजिंग अॅपवरून पाठवलेली चित्रे दाबून लहान केली जातात आणि त्यांतली वेळ व ठिकाणाची माहिती बहुधा पुसली जाते. अलीकडे काही मोठ्या कंपन्यांनी गाडी जाताना आणि येताना स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या कमानीतून नेण्यास सुरुवात केली आहे. तिथे जातानाच्या चित्रांची प्रत मागून घ्यावी. यंत्राला दिसलेला प्रत्येक ठिपका नवा नुकसानीचा डाग असतोच असे नाही, आणि अशा आकारणीबाबत माणसाकडून पुन्हा तपासणी मागण्यास संकोचू नये.

गाडी वापरताना

अपघात किंवा धक्का लागला तर लगेच कंपनीला कळवावे आणि करारात म्हटले असेल तिथे पोलिसांकडे नोंद करावी, कारण ती नसेल तर वेव्हर लागू होत नाही. परस्पर गॅरेजमध्ये दुरुस्ती करून घेण्याचा मोह टाळावा. दंड आला तर दंडाची रक्कम आणि कंपनीचे हाताळणी शुल्क अशी दुहेरी आकारणी होते, आणि करारात नमूद असेल तर हे शुल्क कायदेशीर असते. टोलच्या बाबतीत मात्र सावध राहावे. गाडीतले टोल उपकरण एकदा वापरले तरी काही कंपन्या भाड्याच्या सर्व दिवसांचे सेवाशुल्क लावतात. शक्य तिथे टोल स्वतः भरून पावती ठेवावी, आणि उपकरण बंद ठेवण्याची सोय आहे का ते आधी विचारावे.

गाडी परत करताना

कार्यालय उघडे असतानाच गाडी परत करावी. बंद कार्यालयाबाहेर गाडी लावून किल्ली पेटीत टाकण्याची सोय असते, परंतु अनेक करारांत कार्यालय उघडून गाडीची तपासणी होईपर्यंतची जबाबदारी ग्राहकावरच ठेवलेली असते, आणि रात्रभरात दुसऱ्या कोणी धडक दिली तर ती आपल्या माथी येऊ शकते. दुसरा मार्गच नसेल तर गाडी कुठे लावली, शेजारी काय होते आणि किल्ली पेटीत टाकली या सर्वांची छायाचित्रे घ्यावीत. कर्मचारी उपलब्ध असल्यास त्याच्यासोबत फेरी मारून नवे नुकसान आढळले नाही, असे लिहिलेला सही-शिक्क्याचा कागद घ्यावा. आम्ही नंतर बघतो, हे उत्तर स्वीकारू नये. निदान त्याने तसे सांगितल्याची वेळ टिपून ठेवावी आणि गाडीची चित्रे पुन्हा पहिल्याच क्रमाने काढावीत.

इंधन जवळच्या पंपावर भरावे आणि पावती ठेवावी. अनेक गाड्यांचा काटा टाकी भरल्यानंतरचे पहिले बरेच किलोमीटर पूर्ण भरल्याच्या खुणेवरच राहतो, त्यामुळे काटा पूर्ण दिसत असूनही टाकी भरली नाही, असा आरोप होऊ शकतो, आणि अशा वेळी पावतीवरचे ठिकाण व वेळ हाच खरा पुरावा असतो. कंपनीने स्वतः इंधन भरल्यास त्यावर सेवाशुल्क लावले जाते आणि इंधनाचा दरही चढा असतो. वाळू, चिखल आणि पाळीव प्राण्याचे केस झाडून काढावेत, कारण साफसफाईचा जादा आकार याच कारणांवर लावला जातो. परदेशात पैसे देताना यंत्राने आपल्या देशाच्या चलनात रक्कम दाखवली तर ती नाकारून स्थानिक चलन निवडावे, कारण रूपांतराचा तो दर सहसा ग्राहकाच्या तोट्याचा असतो.

तरीही पैसे कापले गेले तर

फोनवर बोलण्याऐवजी लेखी तक्रार करावी आणि तीत कंपनीकडून नेमकी कागदपत्रे मागावीत. गाडी देतानाची आणि घेतानाची तारखेसह छायाचित्रे, दोन्ही वेळची तपासणी पत्रके, भाग आणि मजुरी वेगळी दाखवणारे दुरुस्तीचे बिल, आणि हाताळणी शुल्काचा हिशेब, एवढे मागितले तरी बरेच दावे आपोआप ढिले पडतात. छायाचित्रात नंबर प्लेट दिसते का आणि किलोमीटरचा आकडा आपण गाडी परत केली तेव्हाच्या आकड्याशी जुळतो का, हे आधी पाहावे. आकडा पुढे गेलेला असेल तर चित्र पुढच्या ग्राहकानंतरचे आहे. बिलाऐवजी नुसता अंदाज दिला असेल तर दुरुस्ती खरोखर झाली का, हे विचारावे, कारण न दुरुस्त केलेला एकच चरा अनेक ग्राहकांना आकारला जाण्याचा धोका तिथे असतो. झिजलेल्या टायरच्या जागी नव्या टायरची पूर्ण किंमत मागितली असेल तर झिजेची वजावट मागावी. गाडी वापराविना उभी राहिल्याची भरपाई मागितली असेल, तर त्या दिवसांत इतर सर्व गाड्या खरोखर भाड्याने गेलेल्या होत्या का, याचा पुरावा मागणे रास्त आहे. दाव्याचा काही भाग खरा असेल तर तो मान्य करून उरलेल्यावरच वाद घालावा. त्याने आपले म्हणणे अधिक विश्वासार्ह ठरते.

समाधानकारक उत्तर आले नाही तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे व्यवहाराला हरकत नोंदवावी. या हरकतीला मुदत असते. अमेरिकेच्या कायद्यानुसार क्रेडिट कार्डाच्या बिलावरची लेखी हरकत ते बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत पोहोचावी लागते. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक पतकायद्याच्या कलम ७५ नुसार ठरावीक किमतीच्या मर्यादेतील खरेदीसाठी कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार धरली जाते. इतरत्र नियम वेगळे असल्यामुळे बँकेची मुदत पहिल्याच दिवशी विचारून घ्यावी. एक व्यावहारिक बाब मात्र ध्यानात असू द्यावी: बँकेने पैसे परत दिले तरी कंपनी तो दावा सोडून देतेच असे नाही, ती वसुली संस्थेकडे जाऊ शकते किंवा त्या ग्राहकाला पुन्हा गाडी नाकारू शकते. म्हणून हरकत पुरावा हाती असेल तेव्हाच घ्यावी.

युरोपात ग्राहक संरक्षण यंत्रणांच्या दबावानंतर पाच मोठ्या कंपन्यांनी आपल्या अटी आणि दरपत्रके सुधारल्याचे युरोपीय आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये जाहीर केले होते, म्हणजेच एकेकट्या तक्रारींचाही साठून परिणाम होतो. तिथे दुसऱ्या सदस्य देशातल्या कंपनीविरुद्ध तक्रार असेल तर युरोपियन कन्झ्युमर सेंटर्सचे जाळे विनाशुल्क मदत करते. अन्य देशांत ग्राहक मंच, वाहतूक नियामक किंवा लहान दाव्यांची न्यायालये हे काम करतात. तक्रारीत भावनिक मजकूर टाळून तारखा, रकमा आणि जोडलेल्या पुराव्यांची क्रमवार यादी द्यावी. अनामत रकमेवरचा अडथळा उठला का, हे दर आठवड्याला पाहावे आणि कार्डाची विवरणपत्रे व गाडीची छायाचित्रे पुढचे सहा महिने तरी पुसू नयेत, कारण दंड आणि टोलचे आकार कधी कधी इतक्या उशिराही येतात.